गोल खाल्ल्यावर चेंडू कुणाकडं जातो?

ताई, मी २४ वर्षांचा आहे. मंगळवार पेठेत राहतो, एका तालमीच्या संघात गोलकीपर आहे आणि शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर टाकला. नाव होतं ‘कोल्हापूर फुटबॉलचे नवे नियम’. नियम असे: तीन गोल मारणाऱ्या संघानं दोन गोल हरलेल्या संघाला द्यायचे. मैदानावर न आलेल्या संघाला घरपोच एक गोल. ज्याच्या वडिलांनी आयुष्यात शंभर गोल मारले, त्यातले पन्नास वडील गेल्यावर सरकारजमा. शेवटी लिहिलं होतं, ‘हंगाम संपला तेव्हा एकही खेळाडू गोल मारायला तयार नव्हता, सगळे गोलच्या रांगेत उभे होते.’ श्रीमंतांकडून कर घेऊन गरिबांना मदत देण्यावरचा तो टोमणा. घरातले सगळे हसले. मला राग आला. मी लिहिलं, ‘काका, तुम्ही पैसेवाल्यांचे चमचे झालात.’ काकांनी ग्रुप सोडला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

काका वाईट नाहीत. एका लेथवर सुरुवात करून त्यांनी उद्यमनगरात वर्कशॉप उभं केलं, आज नऊ माणसं कामाला आहेत. पहिली लेथ आजोबांनी उसाच्या बिलातून घेऊन दिली होती. आजोबांची ती अडीच एकर कूळकायद्यात मिळालेली. माझे पहिले स्टडचे बूट काकांनीच आणले. पुढच्या महिन्यात आमच्या गावाकडं, भोगावतीकाठी, म्हाई म्हणजे गावची जत्रा आहे. सगळे एकत्र येणार. आई रोज म्हणते, माफी माग. पण माफी मागितली तर माझं म्हणणंच चुकलं असं होईल. आणि त्या मजकुराला उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाही, कारण खरं सांगायचं तर मारलेला गोल मारणाऱ्याचाच, असं मलाही वाटतं.

— एक गोलकीपर

बाळा,

तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. तुला उत्तर सापडत नाही ते त्या वाक्यापाशी अडून. तर आधी हे ऐक, तुझं वाटणं बरोबर आहे, आणि तेवढ्यापुरतं काकांचंही. चिखलात पडून, पोटऱ्यांवर मार खाऊन एखाद्यानं गोल मारला आणि पंचांनी तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला, तर मीही गॅलरीतून खाली उतरेन. घोळ दुसरीकडं आहे. पैसा म्हणजे गोल, असं त्या मजकुरानं पहिल्याच ओळीत धरून टाकलं. तू ते न तपासता मान्य केलंस आणि मग भांडायला उभा राहिलास. तेवढं मान्य केल्यावर पुढं कुणीही हरेल.

गोल काय असतो ते तू माझ्याहून जास्त जाणतोस. शेवटची शिट्टी झाली की त्या गोलाचा हिशेब मिटतो. आज एखाद्या संघानं चार मारले म्हणून पुढच्या सामन्यात तो चार गोलांनी पुढं उतरत नाही. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, नाहीतर नव्यानं वर आलेला एखादा छोटा संघ असो, शाहू स्टेडियमवर फळा शून्य-शून्यावरच लागतो. कुणाच्या आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी मैदान गाजवलं असेल. पेठेत अजून त्यांचं नाव निघतं, नातवाला त्या नावाचा मान मिळतो, पण त्यांचा एकही गोल नातवाच्या खात्यावर चढत नाही. पैशाचं तसं नसतं. तो मागच्या सामन्यातून पुढच्या सामन्यात येतो, बापाकडून पोराकडं येतो, आणि पडल्या पडल्या वाढत असतो. ज्याच्या वडिलांचे तीन प्लॉट आहेत तो पोरगा मैदानात येतो तेव्हा फळ्यावर तीन-शून्य आधीच लागलेलं असतं. त्याचा त्यात दोष नाही. पण समोरच्या पोराला आयुष्यभर वाटत राहतं की आपणच कुठंतरी कमी पडलो. हे मला फार लागतं. मी शाळेत शिकवायचे तेव्हा असली पोरं वर्गात बघितली आहेत. सकाळी दुधाची लाईन टाकून आलेला पोरगा दुसऱ्या तासाला पेंगायचा आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडायचा. एकदा तो शेरा मीच लिहिला होता.

तेव्हा खेळाचा दाखला द्यायचा तर खेळाचे खरे नियम घेऊन बसू. तू गोल खातोस तेव्हा जाळ्यातून चेंडू तूच काढतोस. पुढं तो कुठं जातो? मध्यावर. आणि किक-ऑफ कोण करतं? ज्यांनी गोल खाल्ला ते. मारणाऱ्यांचा गोल फळ्यावर जसाच्या तसा राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. चेंडू मात्र दुसऱ्या बाजूला दिला जातो. हा नियम नसता तर ज्यांच्या पायात चेंडू त्यांच्याच पायात तो राहिला असता आणि दहा मिनिटांत लोक उठून घरी गेले असते. हाफटाइमला बाजू बदलतात, तेही यासाठीच. पहिल्या हाफला उतरतीचं ऊन ज्याच्या डोळ्यांवर येतं, वारा ज्याच्या तोंडावर येतो, त्याला दुसऱ्या हाफला ती बाजू सोडता येते. गोलकीपरला हे मी समजावून सांगावं असं नाही.

आणि ऑफसाइड घे. समोरच्या गोलपाशी आधीच जाऊन उभं राहायचं, मागून कुणीतरी चेंडू टाकला की तो आत ढकलायचा, याला फुटबॉल गोल धरत नाही. पाय त्याचाच लागला, चेंडू जाळ्यातही गेला, तरी लाईनमनचा झेंडा वर जातो. उभं राहायची जागाच अशी होती की तिथून मारण्यात त्याची कमाई थोडी आणि जागेची जास्त, असं खेळानं ठरवलंय. तुझे काका फुटबॉल बघतात ना? मग ऑफसाइडवर ते ‘कष्टाचा गोल हिरावला’ असं कधी म्हणाले का, एवढंच आठव.

काकांच्या वयाची माणसं गावात कबड्डी खेळून मोठी झालेली असतात. कबड्डीत सगळे सातही गडी बाद झाले की लोण चढतो. दोन जादा गुण समोरच्याचे, त्यात वाद नाही. पण बाद झालेले सातही गडी परत आत येतात. मैदान रिकामं ठेवून खेळ पुढं नेता येत नाही, हे खेड्यातल्या पोराटोरांनाही कळतं.

माझे वडील तालमीतले. पैलवान म्हणून नाव फार मोठं झालं नाही, पण पंचक्रोशीच्या जत्रांत ते लढायचे. त्यांच्याकडून मी लहानपणी ‘जोड’ हा शब्द शिकले. मैदान भरलं की पोरं रिंगणात फिरतात, जाणती माणसं वय बघतात, अंगकाठी बघतात, तयारी बघतात आणि मग जोड लावतात. लहानग्यांची कुस्ती रेवड्यांवर, नाहीतर नारळावर. चाळीस किलोच्या पोरासमोर ऐंशी किलोचा गडी उभा केला तर लोक गप्प बसत नाहीत. ‘जोड न्हाई, जोड न्हाई’ असा ओरडा चारी बाजूंनी उठतो, आणि हलगी थांबते. हा ओरडा करणाऱ्यांना आजवर कुणी आळशी म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशीच्या निकाली कुस्तीची मजाही त्यानं कमी होत नाही. उलट जोड बरोबर लागली तरच डाव बघायला मिळतात.

वडिलांच्या खुराकाचंही सांगते. आमच्या घरी एक म्हैस आणि खाणारी तोंडं आठ. पैलवानाला रोजचं दूध, तूप, बदाम एवढ्यावर कसं भागणार? निम्मं दूध गल्लीतल्या दोन घरांतून यायचं. त्या घरांत तालमीला जाणारं कुणी नव्हतं. वस्ताद एक पैसा घेत नव्हते. जत्रेचं इनाम गावाच्या वर्गणीचं असायचं. वडील जिंकले तर फेटा त्यांच्याच डोक्याला बांधला जायचा, दूध घालणाऱ्या घरांनी त्यातला तुकडा कधी मागितला नाही. पण ते दूध नसतं तर ते रिंगणापर्यंत पोचलेच नसते, हे वडील शेवटपर्यंत सांगायचे.

हीच गोष्ट फार मोठ्या मापानं आपल्या जिल्ह्यानं बघितलेली आहे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला इथं राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर, आणि तिथं सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं लावून त्यांनी ते घर सोडवलं. पदक त्यांचंच होतं. त्याचे वाटे कुणी मागितले नाहीत. पण १९५२ साली ‘ज्याची ऐपत त्यानं हेलसिंकी गाठावी’ एवढाच नियम चालला असता तर भारताकडून त्या वजनात कोण उतरलं असतं, कोण जाणे. खाशाबा गोळेश्वरात राहिले असते.

या शहराला हे शिकवायला बाहेरून कुणी यावं लागलं नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागास समाजांसाठी राखल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खासबागचं मैदान त्यांनीच बांधलं. एकदा तिथं सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बस. बशीसारखं खोलगट मैदान आहे, तिथूनही लाल माती पूर्ण दिसते. वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा आम्ही शेवटच्या रांगेत होतो आणि कुणाच्या डोक्यावरून बघावं लागलं नाही.

आता तुझ्या घरात येऊ.

तू सहज लिहून गेलास, ‘आजोबांची ती अडीच एकर कूळकायद्यात मिळालेली.’ सगळ्या पत्रात मला ते वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवसापासून कसणारं कूळ त्या जमिनीचं मालक धरलं गेलं. फुकट नव्हे. कायद्याच्या कलम ३२ ग खाली सुनावणी व्हायची, जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, पटीत किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, आणि सगळी भरल्यावर कलम ३२ म चा, म्हणजे मालकीचा, दाखला हातात पडायचा. गावच्या घरात एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत तो पिवळा पडलेला कागद अजून असेल. म्हाईला गेलास की शोध.

मी त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूच्या घरातली आहे. माझ्या आईच्या माहेरची जमीन याच कायद्यात गेली. आजोबा एसटीनं त्या वाटेवरून जायचे तेव्हा मान वळवून आतल्या बाजूला बघत बसायचे. मी त्यांच्या मांडीवर असायचे, मला खिडकीतून शेतं बघायची असायची, आणि ते नेमके तिथं आल्यावर पडदा ओढायचे. ‘आमचं होतं ते काढून घेतलं,’ असं ते म्हणायचे. काकांच्या मजकुरातला सूर मी सहा-सात वर्षांची असताना त्यांच्या तोंडून ऐकलाय, फक्त त्यात गोल नव्हते, भाताची पोती होती. त्यांचा राग खोटा नव्हता. घरात खरोखर ओढ झाली. आजीच्या पाटल्या गेल्या, मामाचं शिक्षण मध्येच राहिलं. ज्यांच्याकडून गेलं त्यांनाही दुखलं हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तूही काकांशी बोलताना ते झाकू नकोस.

पण मोठी झाल्यावर मी आईला एकदा विचारलं, आजोबांनी कधी नांगर धरला होता का? आई भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, ‘नाही गं. खळ्यावर जायचे. वाटा मोजून घ्यायला.’ आणि त्यांच्या वडिलांना ती जमीन त्यांच्या वडिलांकडूनच आलेली. माझ्या आजोबांवर माझं फार प्रेम होतं. तरीही सांगते, ते गोलपाशी उभे होते, आणि ती जागा त्यांना जन्मानं मिळाली होती. चेंडू मागून पळवत आणणारा माणूस तुझा आजोबा होता, किंवा त्याच्यासारखा कुणीतरी.

तिथून पुढची साखळी तू पत्रात लिहूनच दिली आहेस. अडीच एकर स्वतःची झाली म्हणून ऊस लावायची हिंमत आली. पाणी भोगावतीचं, आणि भोगावतीवर राधानगरीचं धरण, जे शाहू महाराजांनी सुरू केलं आणि पुढं लोकांच्या पैशानं पुरं झालं. उसाचं बिल आलं, त्यातून लेथ आली. मग काकांचे चौदा-चौदा तास, हातावरचे चटके, उधारी, बँकेच्या चकरा. ते सगळं त्यांचं, आणि त्यांचंच. त्या लेथवर नऊ घरांची चूल पेटली आणि तुझ्या पायात स्टड आले. यात कुठं काकांचा गोल कुणी काढला? त्यांच्या वडिलांना एकदा किक-ऑफ मिळाला होता, एवढंच झालं. काकांच्या मनात तो दिवस कुठंही नाही, कारण तो त्यांच्या जन्माआधीचा किंवा अगदी लहानपणचा आहे. आपल्या घराला मिळालेला चेंडू सहसा कुणाला आठवत नाही. गेलेला पिढ्यान्‌पिढ्या आठवतो, माझ्या आजोळी अजून आठवतो.

आता काकांच्या बाजूचं, कारण तेही खरं आहे.

नऊ माणसांचा पगार दर महिन्याला उभा करणारा माणूस जेव्हा म्हणतो की माझा पैसा जातो कुठं ते सांगा, तेव्हा त्याला चमचा म्हणणं हा अन्याय आहे. ‘मैदानावर न आलेल्या संघाला घरपोच गोल’ ही ओळ त्यांना पटली ती उगाच नाही. निवडणूक तोंडावर आली की घाईनं याद्या होतात. लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले आणि नंतर अपात्र नावं निघाली, हे सरकारलाच मान्य करावं लागलं. याद्या नीट करा, हिशेब दाखवा, हे म्हणायचा काकांना पूर्ण हक्क आहे, आणि तूही त्यांच्या बरोबरीनं तो मागायला हवास. पंचानं एकदा चुकीची पेनल्टी दिली तर आपण पंचाला धारेवर धरतो. पेनल्टीचा नियमच पुसून टाका असं कुणी म्हणत नाही. त्याच १,५०० रुपयांत महिन्याचं गॅस आणि औषध भागवणारी बाई माझ्या गल्लीत आहे. ती पहाटे पाचला चार घरची धुणी करायला बाहेर पडते. ती मैदानावर आलेली नाही, असं मला कुणी सांगू नये.

तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. वर्षाचे २,५००. काका आपल्या कामगारांच्या पगारातूनही तो कापून भरत असतील. हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला बाहेर पडले होते. त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारानं ती योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ ला सगळ्या देशानं तसा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या या करातून माण, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला काम मिळालं. काम, लक्षात घे. त्यांनी पाझर तलाव खणले, बांध घातले, रस्त्याची खडी फोडली, उन्हात. याला रांगेत उभं राहून गोल घेणं म्हणता येत नाही. आणि देणारे वेगळे, घेणारे वेगळे असंही नसतं. काकांच्या वर्कशॉपमधला हेल्पर मोबाईलचा रिचार्ज मारतो तेव्हा १८ टक्के जीएसटी तोही भरतो.

वारसा कराबद्दल थोडक्यात. त्या मजकुरातले ‘पन्नास गोल सरकारजमा’ हे लोकांना घाबरवायला आहे. असा एक कर आपल्याकडं १९५३ ते १९८५ होता. वसूल व्हायचं थोडं आणि वसुलीचा खटाटोप मोठा, म्हणून तो गेला. असा प्रत्येक कर चांगलाच असतो असं मी म्हणत नाही. काका त्यावर आकडे घेऊन बोलले तर ऐकून घे, त्यांना धंद्याचा हिशेब तुझ्यापेक्षा जास्त कळतो.

आता माफीचं. तू दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यास. ‘चमचे’ हा शब्द चुकला. तो चारचौघांत चुकला, पुतण्यानं काकाला उद्देशून चुकला, आणि ज्यानं तुझ्या पायात बूट घातले त्याच्याबद्दल चुकला. त्याची माफी पूर्ण माग, ‘पण’ हा शब्द मध्ये न आणता. तुझ्या मताची माफी कुणी मागितलेली नाही. आईनंही नाही, नीट ऐकशील तर. ती म्हणते माफी माग. मत सोड, असं ती कुठं म्हणते?

म्हाईची वाट बघू नकोस. तिथं पन्नास माणसं असणार, मटणाच्या पंगती उठत असणार, कुणीतरी मध्येच विषय काढणार आणि सगळे दोन बाजूंना वाटले जाणार. त्याआधी एखाद्या संध्याकाळी, कामगार सुटायच्या सुमाराला, उद्यमनगरात जा. यंत्रं बंद होईपर्यंत बाहेर थांब. आत गेल्यावर आधी शब्दाची माफी, मग चहा. त्या मजकुराचं उत्तर त्या दिवशी देऊ नकोस. ते चिडले तर ऐकून घे, गोलकीपरला अंगावर येणारं अडवायची सवय असते. निघताना एवढंच विचार, ‘काका, पहिल्या लेथची गोष्ट एकदा नीट सांगा ना.’ ती गोष्ट सांगायला कुठल्याही कारखानदाराला आवडतं. ती सांगताना ते आपणहून उसाच्या बिलापाशी येतील, आणि बिलापाशी आले की आजोबांपाशी. तिथं गप्प राहून ऐक. ३२ म चा कागद म्हाईला ट्रंकेतून तुम्ही दोघांनी मिळून काढा. तो तू एकट्यानं काढून त्यांच्यासमोर आपटलास तर तो कागद पुरावा होईल, आणि पुरावा घेऊन काकाकडं जायचं नसतं. त्यावर आजोबांचा अंगठा असेल किंवा सही असेल. ती बघितल्यावर काका जे काही बोलतील ते त्यांचं त्यांना बोलू दे. कदाचित त्यांचं मत काडीइतकंही बदलणार नाही. तरी चालेल.

ग्रुपवर आज फक्त एवढं टाक: ‘काकांना मी जो शब्द वापरला तो चुकीचा होता. मी त्यांना भेटायला जातोय.’ ते ग्रुपमध्ये नाहीत, पण जे हसले होते आणि ज्यांनी तुझा शब्द वाचला होता ते सगळे आहेत. काकांना फोन कर, मेसेज नको. आणि आईला सांग, तिनं मध्ये पडायची गरज नाही, तू जातोयस.